पोट कडक होतंय का?

२९ आठवडे ३ दिवस. त्या रात्री सिस्टरनं माझ्या फाइलवर हे लिहिलं. तोवर कुणी विचारलं की मी 'सातवा चालू आहे' असं सांगायचे. लेबर रूममध्ये महिन्यांना कुणी विचारत नाही. तिथं आठवडे चालतात, आणि आठवड्यांवरचे दिवस. तीनऐवजी चार दिवस असते तर सिस्टरचा चेहरा जरा तरी सैल झाला असता का, याचा अंदाज मी तिच्याकडे बघत घेत होते. पोट दर सात मिनिटांनी दगड होत होतं आणि मला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पण याची सुरुवात सहा आठवडे आधीची.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सगळं ठीक होतं. तेविसाव्यात मला खाली जड वाटायला लागलं. दुखत नव्हतं, नुसतं ओढल्यासारखं. बसून उठलं की जास्त. 'पहिलटकरणीला होतं असं' हे मला तिघींनी सांगितलं आणि मी ते मानूनही टाकलं असतं, पण तपासणी दोन दिवसांवर होती म्हणून तिथं सहज बोलून गेले. डॉक्टर मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि आतून सोनोग्राफी करायला घेतली. पडद्यावर करड्या रंगात एक नरसाळं दिसत होतं. त्याच्या नळीच्या दोन्ही टोकांवर त्यांनी एकेक फुली ठेवली. खाली आकडा आला, १८ मिलिमीटर.

"हे गर्भपिशवीचं तोंड. या दिवसांत ते लांब आणि मिटलेलं हवं. पंचविसाच्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. तुमचं वरच्या बाजूनं उघडायला लागलंय."

"मग टाका?" मी विचारलं. गर्भपिशवीचं तोंड शिवून बंद ठेवणाऱ्या टाक्याबद्दल ऐकून होते.

"आधी एखादं बाळ असं लवकर गेलेलं असतं, तर टाक्याचा विचार केला असता. तुमच्यासाठी आधी हे." चिठ्ठीवर त्यांनी प्रोजेस्टेरॉन लिहिलं, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, २०० मिलिग्रॅम, रोज रात्री एक, ३६ आठवडे होईपर्यंत.

इथं माझी पहिली फजिती. रात्री एक म्हटल्यावर मी रात्री एक गिळली. मऊ, पिवळसर पांढरी, तेल भरलेली कॅप्सूल होती, तिच्याकडे बघून ती पाण्याबरोबर घ्यायची नाही असं कुणाच्या डोक्यात येईल? अर्ध्या तासात जमीन हलायला लागली. बाथरूमपर्यंत भिंतीला धरून गेले. दुसऱ्या रात्री तेच. नवरा म्हणाला, "अगं, हे झोपेचं औषध दिलंय का चुकून?" तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. ती कॅप्सूल खालून, योनीमार्गात ठेवायची होती. चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं, दोन अक्षरांत, जी फक्त औषधवाल्यांना वाचता येतात. मॅडमनी सांगितलं की नुकसान काही झालेलं नाही, तीच कॅप्सूल तोंडावाटेही देतात. पण पोटात गेली की यकृतातून जाताना तिच्यातल्या बऱ्याचशा औषधाचं भलतंच काही होतं, आणि त्यातलं एक द्रव्य गुंगी आणतं. खालून ठेवली की औषध आधी गर्भपिशवीला भेटतं. हे पहिल्या दिवशी कुणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. गर्दीच्या ओपीडीत कुणाला कशाला बोलायचं, हा दुसरा भाग.

मग रोज रात्री दहाचा कार्यक्रम ठरला. हात धुवायचे, आडवं व्हायचं, गुडघे वर घ्यायचे, बोटानं जमेल तितकी आत सारायची आणि परत उठायचं नाही. सकाळी तेल बाहेर येतं. पांढरट, चिकट, पॅडवर नकाशा काढल्यासारखं. त्या तेलानं पुढे मला दोनदा दवाखान्यात पळवलं, कारण पाणी जातंय की तेल येतंय हे पहाटे पाच वाजता अंधारात कळत नाही.

घरात प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा, "तुझं हार्मोन कमी आहे का?" मलाही तसंच वाटत होतं. थायरॉइड कमी असलं की थायरॉइडची गोळी, तसं हे. मग रक्त का नाही तपासलं? पुढच्या भेटीत विचारलं तर मॅडम म्हणाल्या, तपासून काही हाती लागत नाही. मेंढीच्या किंवा शेळीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळांच्या आधी झपकन उतरतं. बाईचं उतरत नाही. वार पडेपर्यंत ते भरपूरच असतं. फक्त दिवस भरत आले की गर्भपिशवी त्याचं ऐकेनाशी होते. माझ्यात कमी होतं म्हणून ते देत नव्हते. गर्भपिशवीचं तोंड लवकर मऊ पडू नये, म्हणून वरून आणखी देत होते.

मला हे पटायला वेळ लागला. घरी सांगताना मी 'हो, जरा कमी आहे' असंच सांगत राहिले. सोपं पडतं.

ताईला मात्र ते सोपं उत्तरही पुरलं नाही. तिचं पहिलं बाळ तेहेतिसाव्या आठवड्यात झालं होतं. दुसऱ्या वेळी, २०१८ साली, तिला सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक इंजेक्शन द्यायचे, २५० मिलिग्रॅम, कंबरेत, जाड तेलाचं. तेही प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं. बाळ पूर्ण दिवसांचं झालं. त्यामुळे तिचं म्हणणं ठाम होतं, "कॅप्सूलबिप्सूल काही नाही. तू ते इंजेक्शन मागून घे."

मी मागितलं. मॅडमना हा प्रश्न नवीन नसावा. २००३ साली अमेरिकेत ४६३ बायकांवरचा अभ्यास छापून आला, त्यांनी सांगितलं. त्यात त्या इंजेक्शनचा चांगला फायदा दिसला आणि ते सगळीकडे सुरू झालं. मग १,७०० हून जास्त बायकांवर पुन्हा अभ्यास झाला. ३५ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या बायका इंजेक्शनवाल्यांत ११ टक्के निघाल्या आणि औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांत साडेअकरा. २०२३च्या एप्रिलमध्ये तिथल्या औषध नियामकांनी त्याची मान्यता काढून घेतली.

हे मी ताईला फोनवर सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "ते असू दे. माझं बाळ नऊ महिन्यांचं झालं ना?"

याला काय उत्तर देणार? तेव्हा मला ती हट्टी वाटली होती.

तर ती रात्र. साडेआठच्या सुमारास पोट कडक झालं. दुखलं नाही. आतून कुणीतरी मूठ आवळावी तसं सगळं पोट एका बाजूला गोळा झालं आणि अर्ध्या मिनिटानं सुटलं. असं दिवसातून दोनचारदा व्हायचंच. पण मग पुन्हा. मी फोनवर वेळा टिपायला लागले: ८.५२, ९.०३, ९.११, ९.१८. पाणी प्यायले, डाव्या कुशीवर झोपले, लघवीला जाऊन आले. ९.२५. कंबरेत आता एक मंद दुखणं येऊन बसलं होतं, पाळीच्या पहिल्या दिवसासारखं. नवऱ्यानं माझ्या हातातला फोन घेऊन यादी बघितली आणि काही न बोलता गाडीची किल्ली शोधायला गेला.

लेबर रूममध्ये पोटावर दोन पट्टे बांधले. खालच्या पट्ट्यातून बाळाचे ठोके, वरच्यातून पोटाचं आवळणं. कागदाची पट्टी सरकत राहते आणि तिच्यावर डोंगर उमटतात. मी त्या डोंगरांची उंची बघून घाबरत होते. सिस्टर म्हणाली, "उंचीकडे बघू नका, पट्टा घट्ट बांधला की डोंगर मोठा दिसतो. दोन डोंगरांमधलं अंतर बघा." मग मी अंतर बघून घाबरायला लागले.

मॅडम आल्या. आधी उपकरण लावून पाणी गेलंय का ते पाहिलं. नव्हतं गेलं. मग आतली तपासणी आणि सोनोग्राफी. तोंड एक सेंटिमीटर उघडलेलं, लांबी १३ मिलिमीटर. लघवी तपासायला पाठवली. आणि मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण तोवर माझी सगळी भिस्त त्या कॅप्सूलवर होती.

"मी आता गोळी देतेय. तिनं कळा मंदावतील. पण ती कळा कायमच्या थांबवत नाही. मला तिच्याकडून अठ्ठेचाळीस तास हवेत."

"अठ्ठेचाळीस तासांत काय होणार?"

"बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन. आज एक, उद्या याच वेळेला दुसरं. दोन्ही घेऊन एक दिवस गेला की मला झोप येईल."

"आणि माझी कॅप्सूल?"

"ती चालू राहील. पण आज रात्री ती तुमच्या कामाची नाही."

सहा आठवडे मी रोज रात्री दहाला जिच्यावर घर सोपवून झोपत होते, ती आज रात्री कामाची नाही. मला त्या बाईचा राग आला. आता वाटतं, तेवढं सरळ बोलणारं कुणी भेटलं हे नशीब.

गोळी होती निफेडिपिनची. मुळात ती रक्तदाबाची गोळी, पण स्नायू सैल करते आणि गर्भपिशवी हाही एक स्नायूच. पहिल्या गोळीनंतर वीसेक मिनिटांत तोंड तापलं, कानशिलं ठणकायला लागली, छातीत धडधड. सिस्टर दर थोड्या वेळानं हाताला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायची. एकदा ९०/५४ आला तेव्हा तिनं पुढची गोळी थांबवून मॅडमना फोन केला. फुप्फुसांचं इंजेक्शन बीटामेथासोनचं होतं, १२ मिलिग्रॅम, मांडीत. ते चांगलंच झोंबतं. एका बाटलीवर मॅग्नेशियम लिहून ती तयार ठेवली होती. कळा वाढल्याच तर बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी ती लावणार होते. ती बाटली शेवटपर्यंत लागली नाही, पण रात्रभर माझ्या नजरेसमोर टांगलेली होती.

मध्यरात्रीनंतर काचेच्या पेट्यांच्या विभागातले डॉक्टर येऊन गेले. तरुण होते, खुर्ची ओढून बसले. आज बाळ झालं तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं. वजन साधारण सव्वा किलो. रडेल कदाचित, पण श्वासाला यंत्राची मदत लागेल. "प्लॅस्टिकची पिशवी ओली झाली की तिच्या दोन बाजू चिकटतात ना? फुप्फुसातले फुगे तसे चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून आत साबणासारखा एक पदार्थ तयार होतो. तो तुमच्या बाळात अजून पुरेसा नाही. इंजेक्शन त्याला घाई करायला लावतं." नवऱ्यानं विचारलं, बाळ वाचेल का. ते म्हणाले, या आठवड्याला बहुतेक बाळं वाचतात, पण मुक्काम मोठा असतो. ते गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ त्या 'बहुतेक'वर विचार करत पडून होतो.

झोप येणार नव्हतीच. मी फोनवर वाचत बसले. मॅडमना हे आवडलं नसतं. पण त्या रात्री मला एक गोष्ट सापडली. मांडीत टोचलेलं तेसुद्धा हार्मोनच्याच जातीचं. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. बाळंतपण सुरू कशानं होतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. पोटातल्या कोकरांना त्यांनी ही द्रव्यं दिली, तर मेंढ्या दिवस भरायच्या आधीच व्यायल्या. तिथवर त्यांना हवं ते उत्तर मिळालं. पण इतक्या लवकर जन्मलेलं, एरवी लगेच गेलं असतं असं कोकरू श्वास घेत होतं. ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. १९७२ साली त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी २८२ बायकांवरचा अभ्यास छापला आणि तिथून हे इंजेक्शन आलं.

म्हणजे मला दोन हार्मोन चालू होते आणि दोघांचं तोंड दोन दिशांना. कॅप्सूल गर्भपिशवीला सांगत होती, अजून वेळ आहे, गप्प बस. इंजेक्शन बाळाला सांगत होतं, वेळ झाली, आवर. माझ्या पोटात एकाच वेळी दोन निरोप जात होते आणि दोन्ही मॅडमच धाडत होत्या. पहाटे तीन वाजता हे मला इतकं विनोदी वाटलं की मी हसले आणि हसण्यानं पोट कडक झालं. ३.०७. टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कळा पंधरा मिनिटांवर गेल्या, संध्याकाळी अर्ध्या तासावर. बरोबर चोवीस तासांनी दुसरं इंजेक्शन झालं. आणि मग बाळ हलेनासं झालं.

हललंच नाही असं नाही. पण रोज संध्याकाळी जे पोटात फुटबॉल चालायचं ते बंद. एखादी बारीक सळसळ, बास. मी घंटी वाजवली. रात्रपाळीची सिस्टर आली, पट्टा लावला, ठोके नीट होते. "इंजेक्शननंतर दोनेक दिवस बाळ सुस्तावतं," ती म्हणाली. "बऱ्याच जणींचं होतं. पण तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. हालचाल कमी वाटली की इंजेक्शनमुळे असेल म्हणून बसून राहायचं नाही." हेही आधी सांगायच्या यादीत हवं होतं. त्याच इंजेक्शननं माझी साखरही चढली होती. ती चारेक दिवसांत उतरली.

तिसऱ्या दिवशी लघवीचा रिपोर्ट आला. जंतुसंसर्ग होता. जळजळ वगैरे मला काहीच जाणवलं नव्हतं. पहिल्या रात्रीच अँटिबायोटिक सुरू केलेलं होतं, ते आता नीट बघून बदललं. संसर्गानं कळा येऊ शकतात, मॅडम म्हणाल्या. यानंच आल्या का, ते सांगता येत नाही.

अठ्ठेचाळीस तास झाले आणि निफेडिपिन बंद केलं. मी हादरलेच. कळा आता कुठे थांबल्यात आणि तुम्ही औषध काढून घेता? सासूबाईंच्या ओळखीतल्या एकीला तर घरी दोन महिने गोळ्या दिल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, तशी पद्धत होती, पण त्या गोळ्या पुढे चालू ठेवून बाळ जास्त दिवस राहतं असं अभ्यासात दिसत नाही, आणि तुमचा रक्तदाब तुम्ही पाहिलाच आहे.

"मग कॅप्सूलचं काय? तीही सोडू का?"

इथं त्या थोडं थांबल्या. "तोंड आखूड आहे पण कळा नाहीत, अशा बायकांत ही कॅप्सूल लवकरचं बाळंतपण टाळायला मदत करते. याचा पुरावा चांगला आहे. कळा येऊन थांबल्यात, अशा बायकांना नंतर ही दिली तर त्यांचे दिवस वाढतात असं अभ्यासात दिसलं नाही."

"मी कशात येते?"

"दोन्हीत." मग म्हणाल्या, "पहिल्या कारणासाठी सुरू केली होती, ते कारण अजून आहे. ३६पर्यंत चालू ठेवू."

पाचव्या दिवशी घरी आले. ३० आठवडे १ दिवस.

घरी दोन पक्ष पडले होते. सासूबाईंच्या मते मी पलंगावरून पाय खाली ठेवायचा नव्हता. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावायचीसुद्धा तयारी होती. आईचं मत तेच, फक्त विटा नकोत. मॅडमनी मात्र अंथरुणाला खिळून राहायला बजावून मनाई केली होती. त्यानं बाळ टिकतं असं दिसलेलं नाही, पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो. जड उचलायचं नाही, दमायचं नाही, पण घरात हिंडाफिरायचं. हे मी सांगितलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या. त्या नजरेचा अर्थ असा की हल्लीच्या डॉक्टरांना काय कळतंय. शेवटी तह झाला. मी दर तासाला उठून घरभर एक फेरी मारायची आणि ती चालू असताना दोघींपैकी एकीनं मागे चालायचं. पाठीमागे कुणीतरी चपला ओढत येतंय, हा आवाज मी पुढचा महिनाभर ऐकला.

आणि तो प्रश्न. पोट कडक होतंय का? सकाळी आई, दुपारी सासूबाई, ऑफिसातून नवरा, रात्री ताई. शेजारच्या काकू फाटकातून. होत होतं. दिवसातून दहाबारा वेळा होत होतं, अनियमित, आणि जात होतं. मी वही केली. तारीख, वेळ, किती सेकंद. मॅडमनी सांगितलं होतं की तासात सहाच्या वर गेलं, कंबर दुखायला लागली, खाली दाब आला, पाणी किंवा रक्त दिसलं की निघायचं. बाकी वेळी वही मिटून ठेवायची. मी ती उशाशी ठेवायचे. त्या वहीत एकूण ३१४ नोंदी आहेत.

बत्तिसाव्या आठवड्यात एक आत्या फोनवर म्हणाल्या, "सातव्याचं जगतं गं, आठव्याचं नाही. हा महिना काढ." मी तो फोन ठेवून रडले. मॅडमना सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "आत्याबाईंना सांगा, आतला प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा असतो. आठवाही." मी आत्याबाईंना काही सांगितलं नाही. पण ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, एका नोंदीच्या शेजारी.

तेहेतीस, चौतीस. त्या दिवसांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. पहाटे दोनदा तेलाला पाणी समजून दवाखान्यात जाऊन आलो. दुसऱ्या वेळी तीच सिस्टर होती. ती म्हणाली, "तेल बोटांना लागतं, पाण्यानं बोटं नुसती ओली होतात. आणि पाणी एकदा सुरू झालं की सहसा थांबत नाही. पण शंका आली की याच तुम्ही, हसत नाही कुणी." ती हसत होती, पण चांगलं.

३५ आठवडे १ दिवस. रात्रीचे ९.४०. कॅप्सूलची पट्टी काढून उशीवर ठेवली होती, हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी पोहोचायच्या आधी पायांवरून कोमट पाणी गेलं. थांबलं नाही. बोटं बघायची गरज पडली नाही. मागून चपला थांबल्याचा आवाज आला आणि सासूबाई म्हणाल्या, "आलं वाटतं." त्यांच्या आवाजात घाबरणं अजिबात नव्हतं. घाबरून घाबरून सगळ्यांचंच संपलं होतं.

या वेळी कुणी कळा थांबवल्या नाहीत. अकरा तासांनी मुलगा झाला. २ किलो २०० ग्रॅम. रडला, आणि ज्या आवाजाची मी चाळीस दिवस वाट बघत होते तो इतका चिडका असेल असं वाटलं नव्हतं. श्वासाला मदत लागली नाही. ते रात्रीचे तरुण डॉक्टर आले, त्यांनी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "फुगे मोकळे आहेत." पण अंगावर धरला तर ओढत नव्हता. दोनदा चोखायचा आणि दमून झोपायचा. साखर तपासायला टाच टोचत होते. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवला, डोळ्यांवर पट्टी बांधून.

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं. कॅप्सूलनं राहिला का हा? की गोळीनं? की ते लघवीचं औषध लागू पडलं म्हणून? की मुळात येणारच नव्हता तेव्हा?

"कळा येऊन दाखल झालेल्या बऱ्याच बायका काहीही न देता पुढे जातात," त्या म्हणाल्या. "हजार बायकांचं मी सांगू शकते. तुमचं नाही सांगता येत."

ताई शेजारीच बसली होती. ती कॅप्सूलची उरलेली पट्टी हातात घेऊन बघत होती. या वेळी ती इंजेक्शनाबद्दल काही बोलली नाही आणि मीही तिला काही ऐकवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दिवा बंद करून त्याला माझ्याकडे दिला. तोवर वाटीनं चालू होतं. मी उगाच लावून पाहिला. त्यानं तोंड वाकडं केलं, शोधलं, पकडलं आणि ओढायला लागला. दोनदा ओढून थांबला नाही. आणि माझं पोट, ते रिकामं ढिलं पोट, आतून मुठीसारखं आवळलं. अर्धं मिनिट. सुटलं. पुन्हा.

मी दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

सिस्टर पलीकडच्या पलंगावरून म्हणाली, "पोट कडक होतंय का? होऊ दे. तो ओढतो तेव्हा तुमचंच हार्मोन सुटतं, पिशवी आवळून जागेवर जाते. चांगलं आहे."

वही पिशवीत होती. मी डाव्या हातानं ती काढली, पान उलटलं आणि लिहिलं, ४.१२.